अदमास म्हणजे अटकळ नव्हे

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा माझ्याकडे लेख मागितला तो धान्यबाजाराच्या परिस्थितीवर. परंतु बाजाराची परिस्थिती आपण सारेच रोज अनुभवीत आहोत. तिच्याविषयी मी चार पाने लिहिली तरी सभासद बंधुभगिनींस नवे काही कळावयाचे नाही. सबब संपादकांची क्षमा मागून मी निराळ्याच विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे. आपल्या मुलामुलींनी स्पर्धापरीक्षांतील गणिते कोणत्या रीतीने सोडवावीत, हा तो विषय. लिहिणारा मनुष्य दहावीपर्यंत, म्हणजे आमच्या घरच्या भाषेत मॅट्रिकपर्यंत, शिकलेला आणि चाळीसहून अधिक वर्षे बेळगावात पोत्यांच्या थप्प्यांत वावरलेला आहे. तेव्हा 'हा कोण परीक्षेविषयी सांगणारा?' असा प्रश्न कोणाच्या मनात आला तर त्यात काही गैर नाही. माझ्याही मनात तो आला होता. तथापि गतवर्षी आमच्या घरात जो प्रसंग घडला त्यात काही दोष माझाच होता, आणि तो मनात ठेवून गप्प बसवेना.

माझ्या धाकट्या बंधूंची कन्या बी. कॉम.ला प्रथम वर्गात उत्तीर्ण झाली. हिशेबात तिचा हात धरणारे आमच्या घरात दुसरे कोणी नाही. तिने सरकारी बँकांतील अधिकारीपदाची परीक्षा दिली. या बँकांच्या भरतीसाठी आय.बी.पी.एस. ही संस्था २०११ सालापासून सामायिक परीक्षा घेते हे पुष्कळांस ठाऊक असेलच. प्राथमिक परीक्षेत इंग्रजी व तर्कशक्ती या दोन भागांत तिला चांगले गुण मिळाले. अडली ती गणिताच्या भागात. प्रत्येक भागात किमान गुण पडल्याखेरीज पुढील परीक्षेस बसता येत नाही. गणिताच्या पस्तीस प्रश्नांपैकी तिने तेरा सोडविले, आणि तेराच्या तेरा बरोबर होते. जिची एकही चूक झाली नाही ती मुलगी नापास झाली, ही गोष्ट घरात कोणाच्याच पचनी पडेना. बंधूंनी शिकवणीच्या वर्गाला दोष दिला, भावजयीने नशिबाला दिला. मुलगी काहीच बोलली नाही. तिने पुस्तके कपाटात ठेवून दिली.

चार दिवसांनी मीच ती पुस्तके मागून घेतली व तिला शेजारी बसवून म्हटले, "यातले एक गणित माझ्यासमोर सोडव पाहू." प्रश्न असा होता: ६४९.७ चे १८.९८ टक्के आणि २४.०३ गुणिले १४.९८, या दोहोंची बेरीज सुमारे किती? पर्याय होते ४२५, ४८५, ५४५, ६०५ आणि ६६५. तिने समास आखला आणि दशांशचिन्हे सांभाळीत सुरेख अक्षरात चार ओळींचा गुणाकार मांडावयास आरंभ केला. मी घड्याळाकडे पाहात होतो. उत्तर आले ते ४८३.२८, त्यास दोन मिनिटे आणि काही सेकंद लागले. मी म्हटले, "अगं, एकोणीस टक्के आणि साडेसहाशे धर, सव्वाशेच्या आत. चोवीस पंधरे तीनशे साठ. पावणेपाचशेच्या वर आणि पाचशेच्या खाली असा एकच पर्याय आहे. एवढा गुणाकार कशासाठी मांडलास?" यावर ती जे बोलली ते माझ्या जिव्हारी लागले. "काका, तुम्हीच सांगितलं होतंत ना, हिशेबात 'सुमारे' हा शब्द लिहायचा नाही म्हणून?"

खरी गोष्ट होती. ती सातवी-आठवीत असताना सुटीत दुकानी येऊन बसे. एकदा तिने बिलांची बेरीज करून शेवटी 'सुमारे' असे लिहिले, आणि मी ते पान फाडून तिला पुन्हा बेरीज करावयास लावली होती. वर चार लोकांच्या देखत बोललोही होतो. मुले आपले सांगणे ऐकत नाहीत अशी आपली नेहमीची तक्रार असते. ती कधी कधी फार नीट ऐकतात.

मी तिला सांगितले ते खोटे नव्हते, पण अर्धे होते. कीर्द आणि खतावणी यांत अंदाजाला जागा नाही हे आपणांपैकी कोणासही सांगावयास नको. पैशापैशाचा मेळ बसल्याशिवाय पूर्वीचे दिवाणजी घरी जात नसत. परंतु त्याच दुकानात दिवसभर आपण दुसरे काय करीत असतो? शेतकऱ्याने ओतलेल्या राशीकडे पाहून 'साठ पोती भरतील' असे मनाशी म्हणतो, मूठभर दाणा तळहातावर घेऊन त्यातील ओल आणि खडा जोखतो, गाडीभाडे, हमाली व घट धरून क्विंटलमागे काय सुटेल ते बोलता बोलता ठरवितो. आणि हे सारे काटा लागण्यापूर्वी. काटा नंतर लागतो. साठ म्हटलेली रास अठ्ठावन्न भरते किंवा एकसष्ट भरते. चाळीस मात्र भरत नाही. ज्याची चाळीस भरते तो बाजारात फार दिवस टिकत नाही. मी पुतणीला काट्याची शिस्त शिकविली आणि राशीकडे पाहावयाची दृष्टी शिकवावयाची राहून गेली.

आपल्या भाषेने या बाबतीत मोठा विवेक केलेला आहे. अटकळ निराळी आणि अदमास निराळा. अटकळ मनास येईल तशी बांधता येते. अदमासाला आधार लागतो, आणि तो किती हातभर चुकला असेल हेही अदमास करणाऱ्यास ठाऊक असते. तिसरा शब्द 'ताळा'. उत्तर आल्यावर ते खरे की खोटे हे दुसऱ्या वाटेने पडताळून पाहणे म्हणजे ताळा. हल्ली शाळांत आणि शिकवण्यांत या तिन्ही गोष्टींस एकाच 'अंदाजे' या शब्दाखाली कोंबतात, आणि मुलांस वाटते की अंदाज म्हणजे डोळे मिटून बोट ठेवणे.

माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, हे अदमासाच्या बाबतीत कसे होते ते सांगतो. १९८५ सालच्या सुमारास दुकानात नुकतेच गणकयंत्र आले होते आणि त्याचे मला मोठे अप्रूप होते. एका गिरणीला गहू दिला होता. क्विंटलच्या भरतीची २१२ पोती, दर रुपये १९३. मी यंत्रावर बोटे चालविली आणि बिलावर ३४,५५६ हा आकडा लिहिला. अण्णा समोर गादीवर बसून कोणाशी तरी बोलत होते. त्यांनी मान न वळविता विचारले, "किती झाले?" मी सांगताच म्हणाले, "चौतीस कसे होतील? दोनशेला दोनशे चाळीस हजार. बारा पोती सोडली त्यांचे चोवीसशे मिळव, दर सात रुपयांनी चढा धरला त्याचे चौदाशे वजा कर. एक्केचाळीसच्या किंचित आत हवेत." मी पुन्हा हिशेब केला. ४०,९१६ झाले. यंत्रावर ९ च्या खाली ६ असतो. माझे बोट घसरून १९३ चे १६३ झाले होते. फरक ६,३६० रुपयांचा होता. त्या काळी आमच्या दिवाणजींच्या वर्षाच्या पगाराएवढी ती रक्कम होती.

यातील चौऱ्याऐंशीची गंमत मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळली. एक्केचाळीस हजार आणि खरे उत्तर यांत ८४ चे अंतर आहे, आणि बारा गुणिले सात चौऱ्याऐंशीच होतात. म्हणजे अण्णांच्या अदमासातून नेमके काय सुटले हेही सांगता येते: जी बारा पोती त्यांनी मागाहून धरली, त्यांच्यावरचे सात सात रुपये. 'किंचित आत' हे त्यांचे शब्द उगाच नव्हते.

आता परीक्षेकडे वळतो. पस्तीस प्रश्न आणि वीस मिनिटे. बाराशे सेकंदांस पस्तिसांनी भागले असता प्रश्नामागे चौतीस सेकंद येतात, आणि त्यांतच प्रश्न वाचावयाचाही असतो. गणकयंत्र नेण्यास मनाई. ही परीक्षा आपल्या मुलाला गुणाकार येतो की नाही हे पाहात नाही. ते शाळेने पाहिलेले आहे. कोणता गुणाकार करावयाचा नाही हे त्याला कळते की नाही, हे ती पाहते. अधिकारीपदाच्या परीक्षांत तर काही प्रश्नांच्या डोक्यावर स्पष्ट सूचना असते की प्रश्नचिन्हाच्या जागी सुमारे किती येईल ते सांगा, अचूक किंमत काढण्याची अपेक्षा नाही. परीक्षक स्वतः हात जोडून सांगत आहे की काटा लावू नका, रास पाहून बोला; आणि आमची मुलगी तेथेही काटा लावून बसली होती. सूचना वाचली नव्हतीस का, असे मी विचारले. म्हणाली, "वाचली होती. पण खरी वाटली नाही."

आम्ही दोघे मग रोज संध्याकाळी अर्धा तास बसू लागलो. त्यांतून जे मला उमगले ते थोडक्यात मांडतो.

प्रथम पर्याय पाहावेत, मग प्रश्न. शिकवणीच्या वर्गात हे सांगतात, पण का ते सांगत नाहीत. दोन पर्यायांमधील अंतर म्हणजे आपल्याला मिळालेली चुकीची मुभा होय. वरच्या उदाहरणात पर्याय साठ-साठच्या अंतराने होते. तेव्हा दहा-वीस इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही, आणि १८.९८ चे एकोणीस करताना कोणाची परवानगी घ्यावी लागत नाही. पर्याय ४८२, ४८३, ४८४ असे असते तर मात्र हा अदमास कुचकामाचा ठरला असता. गिऱ्हाईक पोत्याने मागते की तोळ्याने, हे पाहिल्याशिवाय आपण तरी कोणता तराजू काढावयाचा ते ठरवितो काय?

दुसरी गोष्ट, आकडा जवळच्या पूर्ण संख्येवर नेताना आपण त्यास वर ढकलीत आहोत की खाली, याचे भान ठेवावे. गुणाकारात एकाला वर नेले तर दुसऱ्यास खाली आणावे, म्हणजे चुका एकमेकींस खातात. अण्णांनी केले ते हेच. भागाकारात मात्र उलट: दोघांसही एकाच दिशेस न्यावे. ४,८७३ भागिले ६१ हे गणित घ्या. ४,८०० भागिले ६० केले तर ऐंशी येतात आणि खरे उत्तर ७९.८९ आहे. पण ४,९०० भागिले ६० केले, म्हणजे वरचा वाढविला आणि खालचा घटविला, तर पावणेब्याऐंशीच्या घरात जातो. पुतणीला हे पटावयास एक संध्याकाळ गेली. नंतर तिनेच दाखला दिला की मालाची किंमत आणि पोती दोन्ही वाढली तर पोत्याचा भाव फारसा हलत नाही. मी तिला एवढे चांगले सांगू शकलो नसतो.

तिसरी गोष्ट तुलनेची. तक्ते देऊन विचारतात की कोणत्या वर्षी वाढ अधिक झाली: ३१२ वर ४७, की ३७१ वर ५३? दोन्ही भागाकार करीत बसण्याचे कारण नाही. तिसरे माप मध्ये ठेवावे. ३१२ चे पंधरा टक्के म्हणजे ४६.८, सत्तेचाळीस त्याहून किंचित अधिक. ३७१ चे पंधरा टक्के पंचावन्नाच्या वर. त्रेपन्न त्याहून कमी. संपले. दोन गावांचा माल ताडून पाहताना आपणही आपल्या पेढीतला नमुना मध्येच ठेवतो.

व्याजाच्या बाबतीत तर आपल्या मुलांस काही शिकविण्याची पाळीच येऊ नये. १२,५०० रुपयांवर आठ टक्क्यांनी तीन वर्षांचे चक्रवाढ व्याज किती? सरळ व्याज वर्षाचे हजार, तिन्ही वर्षांचे तीन हजार. व्याजावरचे व्याज दुसऱ्या वर्षी ऐंशी, तिसऱ्या वर्षी त्याच्या दुपटीहून थोडे अधिक. म्हणजे अडीचशेच्या आत. पर्यायांत ३,००० असेल तर तो सरळ व्याजाचा सापळा आहे, ३,७५० असेल तर तो फारच दूर आहे, ३,२४६.४० दिसताच बोट ठेवावे. मुले येथे १.०८ चा घन काढीत बसतात हे पाहून खरोखर नवल वाटते.

अदमासाने जेथे भागत नाही तेथे ताळा उपयोगी पडतो. ४८ गुणिले ५२ किती? पर्याय २,४८६, २,४९६ आणि २,५०६. सारे अडीच हजाराच्या जवळ आणि सर्वांचा शेवट सहानेच. येथे नवांचा ताळा पाहावा. अठ्ठेचाळीसचे अंक मिळवून बारा, बाराचे तीन, बावन्नचे सात, तीन सत्ते एकवीस, त्याचे तीन. आता पर्यायांचे अंक मिळवा: पहिल्याचे दोन उरतात, दुसऱ्याचे तीन, तिसऱ्याचे चार. उत्तर दुसरे. पूर्वी प्रत्येक पेढीवर हा ताळा रोज पाहात असत. गणकयंत्र आले आणि तो गेला. मी स्वतःच तो वीस वर्षांत वापरला नव्हता. तो सारे काही पकडतो असे मात्र कोणी समजू नये. ३६ चे ६३ झाले तर ताळ्याला पत्ता लागत नाही. तेथे पुन्हा अदमासच हवा.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि ज्याबद्दल पालकांच्या मनात पुष्कळ घोटाळा आहे, ते म्हणजे चुकीच्या उत्तराबद्दल कापले जाणारे गुण. एका चुकीस पाव गुण जातो. यामुळे 'माहीत नसेल तर हात लावू नकोस' असे आपण मुलांस बजावतो. पण हिशेब करून पाहा. पाच पर्याय असलेले तीस प्रश्न डोळे मिटून सोडविले तर सरासरीने सहा बरोबर येतील आणि चोवीस चुकतील. सहा गुण मिळाले, चोवीस पाव म्हणजे सहा गेले, हाती शून्य. ही झाली अटकळ. तिच्यात नफा नाही. एखाद्या दिवशी मोठी खोट मात्र आहे. आता त्याच तीस प्रश्नांत अदमासाने पाचांपैकी दोन पर्याय अशक्य म्हणून बाजूस सारता आले, आणि उरलेल्या तिहींतून एक निवडला, तर दहा बरोबर व वीस चूक. दहा मिळाले, पाच गेले, हाती पाच. पुन्हा सांगतो, उत्तर एकाचेही नक्की ठाऊक नव्हते. फक्त काय नाही एवढे कळले, आणि तेवढ्यावर पाच गुण आले. अशा परीक्षांत निवड आणि नकार यांत पाचाहून कमी गुणांचे अंतर कित्येकदा असते. आमच्या मुलीने बावीस प्रश्न कोरे सोडले होते.

'ही लबाडी नव्हे काय?' असे आपल्या एका ज्येष्ठ सभासदांनी मला विचारले. त्यांचा प्रश्न मनापासूनचा होता, म्हणून त्याचे उत्तर देतो. महावीराचार्य हे थोर जैन गणिती नवव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष यांच्या काळी होऊन गेले. त्या सम्राटाची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड, कलबुर्गी जिल्ह्यात. महावीराचार्यांचा 'गणितसारसंग्रह' १९१२ साली मद्रासला इंग्रजी भाषांतरासह आणि १९६३ साली सोलापूरला हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. त्यात क्षेत्रफळाच्या प्रकरणात त्यांनी एकाच आकृतीची दोन उत्तरे काढण्याच्या रीती दिल्या आहेत, एक व्यावहारिक आणि एक सूक्ष्म. वर्तुळाचा परिघ व्यवहारापुरता व्यासाच्या तिप्पट. सूक्ष्म हवा असेल तर व्यासाचा वर्ग दहाने गुणून त्याचे वर्गमूळ. दहा हात व्यासाला पहिल्या रीतीने तीस हात, दुसरीने एकतीस हातांहून अर्धा हात वर. आजच्या गणिताप्रमाणे दुसरेही उत्तर शेकडा एकाहून कमी फरकाने अधिकच आहे. एवढ्या मोठ्या पंडिताला ठोकळ उत्तर देण्याची लाज वाटली नाही. मात्र ते ठोकळ आहे असे त्याने नाव घेऊन सांगितले. लबाडी ही ठोकळ उत्तर सूक्ष्म म्हणून खपविण्यात आहे. परीक्षक 'सुमारे' मागतो तेथे 'सुमारे' देणे यात ती कोठून आली? आणि सरकारचे म्हणाल तर २०१७ च्या वस्तू व सेवा कराच्या कायद्यातही कराची रक्कम जवळच्या पूर्ण रुपयावर आणण्याची तरतूद आहेच.

आपल्या पूर्वजांकडे अदमासाची हत्यारे किती होती हे आठवले म्हणजे वाईट वाटते. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. अण्णांच्या पिढीतील प्रत्येक मुलगा हे म्हणून मगच दुकानाची पायरी चढे. साताची पाऊणकी सव्वापाच आणि साताची औटकी साडेचोवीस, हे त्यांना आठवावे लागत नसे. ते तोंडातच असे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आण्यांचा व्यवहार हळूहळू संपला. ते योग्यच झाले. शेर आणि मण यांच्या जंजाळातून आपण सुटलो याचे मला मुळीच दुःख नाही. पण आणे मनातून जाऊ द्यावयास नको होते. एक आणा म्हणजे सव्वासहा टक्के, दोन आणे साडेबारा, तीन आणे पावणेएकोणीस, सहा आणे साडेसदतीस. आता परीक्षेत ६४० चे १८.७५ टक्के विचारले की मुले घाम पुसतात. तीन आणे म्हटले की सोळावा हिस्सा चाळीस, त्याची तिप्पट एकशेवीस. ८१७ चे एकतीस टक्के विचारले तर पाच आणे धरावेत: सोळावा हिस्सा एक्कावन्न, पाचपट दोनशे पंचावन्न, खरे २५३.२७. पुतणीने आता वहीच्या पहिल्या पानावर आण्यांचा तक्ता लिहून ठेवला आहे. तिच्या मैत्रिणींस ते एखादे गुप्त शास्त्र वाटते म्हणे.

येथे एक अवांतर गोष्ट. आपण मराठीत 'अठ्ठेचाळीस' म्हणतो तेव्हा आठ आधी येतात आणि चाळीस मागून. अदमासाला चाळीस आधी हवेत. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' अशी नवी रीत आली तेव्हा मोठा गदारोळ झाला, आणि मीही येथे बेळगावात बसून त्यात चार शब्द टाकले होते. 'त्रेसष्ट' हा शब्द जावा असे मला आजही वाटत नाही. परंतु मोठा अंक आधी कानी पडावा हा त्यामागील विचार खुळचटपणाचा नव्हता, एवढे या अर्ध्या-अर्ध्या तासांनी मला शिकविले.

शिकवणीच्या वर्गांविषयी माझे मत काही सभासदांस रुचणार नाही, पण लिहितो. तेथे शेकड्यांनी युक्त्या शिकवितात. अमुक प्रकारच्या गणितास अमुक युक्ती. मुले त्या पाठ करतात आणि परीक्षेत कोणती युक्ती कोठे लावावी हे आठवण्यातच चौतीस सेकंद जातात. अदमास ही युक्ती नव्हे, सवय आहे. ती एका महिन्यात पैसे भरून लागत नाही. लहानपणापासून घरात, दुकानात, बाजारात बोलता बोलता लागते. आज आपली मुले दुकानी येत नाहीत. त्यांनी यावे असेही मी म्हणत नाही. पुष्कळांस दुसरी वाट धरावयाची आहे आणि पुष्कळ पेढ्यांना पुढची पिढी पोसण्याची ताकद उरलेली नाही, हे आपण खाजगीत बोलतोच. म्हणून तर या नोकऱ्यांच्या परीक्षा आता आपल्या घरांतला मोठा प्रश्न होऊन बसल्या आहेत. पण दुकानाबरोबर दुकानातले शिक्षणही बंद झाले, हे मात्र आपल्या ध्यानात आले नाही. मोबाईलमध्ये यंत्र आहे, भुईकाटा आकडा छापून देतो, बिल संगणक काढतो. मोठमोठ्या परीक्षांतही यंत्र येऊ लागले. व्यवस्थापन संस्थांच्या कॅट परीक्षेत २०१५ पासून पडद्यावरच गणकयंत्र असते. तेथेही जो प्रत्येक बेरजेला यंत्राकडे धावतो त्याचा वेळ यंत्रच खाते, आणि १९३ चे १६३ झालेले त्याला कळत नाही ते निराळेच.

आपल्या संघटनेकडे माझी एक सूचना आहे. दरवर्षी आपण दहावी-बारावीत अधिक टक्के मिळविणाऱ्या मुलांचा सत्कार करतो, प्रशस्तिपत्र आणि पाकीट देतो, छायाचित्र काढतो. ते चालू राहावे. त्याखेरीज रविवारी सकाळी एक तास सभागृहात तोंडी हिशेबांचा वर्ग भरवावा. शिक्षक बाहेरून आणू नयेत. साठी उलटलेले आपले किती तरी सभासद सकाळच्या वेळी मोकळे असतात, आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या डोक्यात निदान एक रीत अशी आहे की जी दुसऱ्या कोणास ठाऊक नाही. कापडवाल्यांनी वार आणि गजांची सांगावी, सराफांनी तोळामाशांची, किराणावाल्यांनी पावशेर-छटाकांची. मुलांनी परीक्षेची पुस्तके आणावीत. ज्येष्ठांना प्रश्न कळला नाही तर मुलांनी तो समजावून सांगावा. त्यातही दोघांचे हितच आहे. मुलींना आवर्जून बोलवावे, कारण पूर्वी त्यांना दुकानी बसू दिले जात नसे आणि ही विद्या त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

पुतणी यंदा पुन्हा परीक्षेस बसत आहे. सरावाच्या प्रश्नपत्रिकेत ती आता वीस मिनिटांत चोवीस-पंचवीस प्रश्न सोडविते. त्यांतील दोन-तीन चुकतात. पहिल्या चुकीला ती रडवेली झाली होती. आता नुसती हळहळते आणि पुढचा प्रश्न घेते. परवा मी एक बिल करीत असता तिने पलीकडून आकडा ऐकला आणि म्हणाली, "काका, एवढे नाही होणार, पुन्हा पाहा." मी पुन्हा पाहिले. तिचेच खरे होते.

वर्ग भरविण्याचे ठरल्यास फळा आणि खडू माझ्याकडून. घड्याळ मात्र दुसऱ्या कोणी आणावे. आमच्या दुकानातले पाच मिनिटे पुढे असते.